उभे राहणे आणि वाट पाहणे

रांगेत उभे राहावयास शिकणे हा नागरिकत्वाचा पहिला धडा होय, असे आम्ही वर्गात पुष्कळदा सांगतो. बसथांबा असो, स्वस्त धान्याचे दुकान असो की देवदर्शन असो. जो आधी आला त्याचा क्रमांक आधी, ह्या साध्या नियमात मोठे तत्त्व साठविलेले आहे. रांगेत धनवान व निर्धन, थोर व सामान्य ह्यांची योग्यता एकच. मध्येच घुसणाऱ्याविषयी आपणांस जो राग येतो, तो केवळ चार मिनिटे फुकट गेल्याचा नसतो. आपल्या हक्कावर कोणी पाय दिला, ह्याचा तो असतो. आम्हांसही तो येतो, आणि यावा असेच आमचे मत आहे.

परंतु ह्या नियमात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. एक वाट पाहणे आणि दुसरी उभे राहणे. न्याय आहे तो पहिलीत. दुसरी ही केवळ रीत आहे. ज्या मुलास वाट पाहता येते, परंतु गर्दीत उभे राहता येत नाही, त्याचे काय करावे? आश्चर्य वाटेल, पण ह्या प्रश्नाचा मोठा खल झाला आहे तो मुलांच्या करमणुकीच्या उद्यानांत.

वॉल्ट डिस्ने ह्यांनी १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. त्यांच्या पश्चात १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ त्याहून कितीतरी विस्तीर्ण असे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले. तेथील पाळणे, नौका व डोंगरातून धावणाऱ्या गाड्या जगप्रसिद्ध आहेत. तितक्याच प्रसिद्ध तेथील रांगा. गर्दीच्या दिवसांत पाच मिनिटांच्या फेरीसाठी तासभर अथवा त्याहूनही अधिक वेळ तिष्ठावे लागते. सामान्य मुलासदेखील हे कठीण. मग ऑटिझम असलेल्या मुलाची गोष्ट काय सांगावी!

ऑटिझम ह्या शब्दास मराठीत ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः, ह्या ग्रीक शब्दावरून मूळ संज्ञा स्विस मनोवैद्य ब्लॉयलर ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी योजिली. आणि १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर ह्यांनी अकरा मुलांचे वर्णन करून ह्या अवस्थेकडे जगाचे लक्ष वेधले. प्रतिशब्द सुंदर असला, तरी तो थोडा फसवा आहे. ‘स्वमग्न’ म्हटले की बाहेरच्या जगाचे ज्यास भान नाही असा कोणी डोळ्यांपुढे येतो. पुष्कळ मुलांच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलट असते. बाहेरचे जग त्यांच्यावर आपल्यापेक्षा अधिक जोराने येऊन आदळते. कर्ण्याचा आवाज, दिव्यांचा झगमगाट, घामाचा वास, शेजारच्याच्या कोपराचा स्पर्श, ह्यांतील जे आपले मन नकळत गाळून टाकते, ते त्यांच्या मनात सगळेच्या सगळे शिरते. शिवाय रांगेचे चालणेही अनिश्चित. दोन पावले पुढे, मग थांबणे, मग यंत्र बिघडल्याची वार्ता! अशा वेळी ते मूल कान झाकून घेते, किंचाळते, जमिनीवर अंग टाकते. आणि मागे उभे असलेले सद्‌गृहस्थ ‘काय लाडावून ठेवले आहे!’ असे म्हणून मोकळे होतात.

आमच्या मामेबहिणीचे कुटुंब फ्लोरिडात राहते आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा असाच आहे. चवथीस ती गावी आली असता तिने तेथील व्यवस्था आम्हांस सविस्तर सांगितली. उद्यानातील ह्या सवलतीचे नाव ‘डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस’ असे आहे. तीत मुलास कोणी पुढे घुसवीत नाही. रांग त्या क्षणी जितकी लांब असेल, साधारण तितक्याच वेळानंतरची परतीची वेळ त्यास नेमून देतात. तोवर त्याने झाडाखाली बसावे, खाऊ खावा, वाटेल तेथे हिंडावे. वेळ झाली की कमी गर्दीच्या मार्गाने आत जावे. मामेबहिणीने सांगितले की, एकदा त्यांना २ वाजून २५ मिनिटांची वेळ मिळाली. मुलगा कानांवर आवाजरोधक चढवून कारंज्याजवळ तासाहून अधिक वेळ शांत बसला. आणि घड्याळात नेमकी ती वेळ होताच आपण होऊन उठला. “ताका ‘राव’ म्हळ्यार कळना, केन्ना मेरेन रावचें तें सांगूंक जाय,” असे ती म्हणाली. त्यास नुसते ‘थांब’ म्हटल्याने भागत नाही, कोठवर थांबायचे ते सांगावे लागते. आम्हां शिक्षकांच्या पुष्कळ पुस्तकांत नाही ते ज्ञान ह्या एका वाक्यात आहे. ‘थोडा वेळ’ ह्या शब्दांस माप नाही. २ वाजून २५ मिनिटे ह्यांस आहे. त्या मुलाने इतरांइतकीच वाट पाहिली. तो फक्त उभा राहिला नाही.

ही व्यवस्था नेहमीच अशी नव्हती. पूर्वी अशा पाहुण्यांस एक साहाय्यपत्र मिळे व ते दाखविले की बहुधा लवकर आत जाता येई. २०१३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने लिहिले की, काही श्रीमंत कुटुंबे तासाला १३० डॉलर मोजून एखाद्या अपंग व्यक्तीस ‘वाटाड्या’ म्हणून भाड्याने घेतात आणि तिच्या आडोशाने रांग चुकवितात. दुसऱ्याचे अपंगत्व भाड्याने घेणे, ह्याहून हीन व्यवहार तो कोणता? त्याच वर्षी ऑक्टोबरात जुने पत्र बंद झाले आणि परतीच्या वेळेची पद्धत आली.

फसविणारे मोकळे सुटले. भार पडला तो प्रामाणिकांवर. ज्यांची मुले खरोखरच वाट पाहू शकत नव्हती, अशा अनेक कुटुंबांनी २०१४ साली न्यायालयात धाव घेतली. त्यांतील एका तरुणास उद्यानातील खेळ ठराविक क्रमानेच पाहणे आवश्यक वाटे. क्रम मोडला की त्याचा दिवस मोडे. अमेरिकेचा अपंगांविषयीचा कायदा १९९० चा आहे. व्यवहारात वाजवी फेरफार करून अशांस सामावून घ्यावे, असे तो सांगतो. पण ‘वाजवी’ म्हणजे किती? २०२० साली फ्लोरिडातील न्यायाधीशांनी उद्यानाच्या बाजूने निकाल दिला. त्या आईच्या ठायी स्वतःस कल्पून पाहावे, आणि रांगेत दीड तास उभ्या असलेल्या दुसऱ्या आईच्या ठायीही. मग हा प्रश्न सोपा नाही असे दिसून येईल.

पुढे २०२४ साली नियम आणखी कडक झाले. ऑटिझम वा तत्सम विकासविषयक अवस्थेमुळे ज्यांस दीर्घकाळ रांगेत थांबता येत नाही, मुख्यतः अशांसाठीच ही सवलत राखून ठेवण्यात आली आणि दृक्‌संवादाद्वारे मुलाखत घेण्याची रीत पडली. त्यामुळे अन्य व्याधींनी पीडित अशा कित्येकांस तिला मुकावे लागले. एकाचा लबाड हात दारात अडकला की दार सर्वांसाठीच अरुंद होते, ते असे. आणि गंमत ही की, त्याच उद्यानांत २०२१ पासून पैसे मोजून कमी गर्दीच्या मार्गाने जाण्याची सोय झालेली आहे. विकत घेतलेल्या अग्रक्रमाकडे कोणी डोळे वटारून पाहत नाही. कान झाकलेल्या मुलाकडे मात्र पाहतात. देवळात दक्षिणेच्या बळावर पुढे जाणारे यजमान आपणांसही अपरिचित नाहीत.

आपल्या देशातही कायदा मागे राहिलेला नाही. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकारची अपंगत्वे गणली होती. तीत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या कायद्याने ही संख्या २१ वर नेली व ऑटिझमचा त्यात समावेश केला. इतरांवर अवाजवी बोजा न पडता, अशा व्यक्तीस बरोबरीने हक्क भोगता यावेत म्हणून करावयाचे फेरबदल, अशी वाजवी सोयीची व्याख्याही त्याने दिली. तथापि कायद्याची पुस्तके शाळेच्या पडवीपर्यंत आपल्या पायांनी चालत येत नाहीत. त्यांस कोणीतरी आणावे लागते.

आमच्या सहावीच्या वर्गात असा एक विद्यार्थी आहे. मध्यान्ह भोजनाच्या वेळी ताटल्यांचा खणखणाट सुरू झाला की तो पाव-भाजी सोडून पळून जाई व उपाशी राही. वर्गातील मुलांनीच त्यावर युक्ती काढली. पुठ्ठ्याचे आकडे कापून ते रांगेत वाटण्यास त्यांनी आरंभ केला. हा मुलगा आपला आकडा घेऊन पायरीवर बसतो. सोळावा पुढे गेला की कोणीतरी त्यास बोट दाखवितो, आणि सतरावा म्हणून तो येतो. ‘त्यालाच का बसायला मिळते?’ असे एका मुलाने विचारले, तेव्हा आम्ही त्यास इतकेच विचारले, “तुझा क्रमांक मागे गेला काय?” तो क्षणभर विचार करून म्हणाला, “नाही.” आता तो मुलगा रोज जेवतो.

विद्यार्थिमित्रहो, रांगेची शिस्त अवश्य पाळा. ती मोडणाऱ्यास अडविण्याचे धैर्यही अंगी बाणवा. मात्र कोणास बाजूस बसलेले पाहिलेत, तर रागावण्यापूर्वी एवढे पाहा की त्याने तुमचा क्रमांक घेतला आहे की केवळ स्वतःचा राखला आहे. आणि जी सवलत आपल्यासाठी नाही, तिला लटक्या निमित्ताने कधीही हात लावू नका. कारण तिची किंमत भरतो तो कोणीतरी कान झाकून बसलेला लहान मुलगा.