वाजलं का रे?

भोरच्या बाजारपेठेत असो की वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याशी, वीसेक वर्षांपूर्वी ज्याने ज्याने हौसेने घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, त्याला घरातून एकच प्रश्न येई : "वाजलं का रे?" पडद्यावर चित्र सुरेख दिसे, पत्ते खेळता येत, पत्रं लिहिता येत. गाणं तेवढं वाजत नसे. आणि कर्ज काढून आणलेल्या डब्यातून गाणं वाजत नाही म्हणजे पोराने डबा बिघडवला, यावर घरात एकमत असे.

आता हा प्रश्न कोणी विचारत नाही. उबुंटू नावाचं लिनक्स टाकतानाच एका चौकटीत खूण केली की सगळे फॉरमॅट आपोआप येतात, आणि नाही केली तरी बहुतेक वेळा वाजतं. कानात अडकवायची ब्ल्यूटूथची बोंडंसुद्धा निमूट जोडली जातात. मुलांना यात काही विशेष वाटत नाही, आणि वाटू नये हेच बरोबर. नळाला पाणी आलं म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही.

आमच्या वेळी गाणं अडलं होतं ते पेटंटात. एमपीथ्रीची पेटंटं जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेकडे आणि तिच्या भागीदारांकडे. त्या धास्तीने २००२ साली आलेल्या रेड हॅट ८.० या लिनक्समधून कंपनीने एमपीथ्री वाजवण्याची सोयच काढून टाकली. एक्सएमएमएस नावाचा प्लेअर होता, दिसायला थेट विंडोजवरच्या विनॅम्पचा भाऊ. पण त्यात गाणं टाकलं की गाण्याऐवजी खुलासा यायचा. गंमत अशी, की आपल्या पेटंट कायद्याच्या ३(के) कलमाप्रमाणे नुसत्या संगणक प्रणालीला पेटंटच मिळत नाही. म्हणजे पेटंट जर्मनांचं, वकिलांची भीती अमेरिकेतल्या कंपनीला, आणि शांतता भोरमध्ये.

मग पुण्याला जाणं आलं. भोरहून स्वारगेटची एसटी, वेल्ह्याहून नसरापूर फाट्यावर येऊन मिळेल ती गाडी. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून एमपीथ्रीचं प्लगिन उतरवायचं. ते एवढंसं, की फ्लॉपीत सहज मावे. शर्टाच्या खिशात फ्लॉपी, गर्दीत तिच्यावर हात. घरी येऊन बसवायला घ्यावं तर ते म्हणे, आधी अमुक लायब्ररी आण. पुढच्या खेपेला ती आणावी तर ती म्हणे, मला तमुक लागते. लग्नात मानपान काढणाऱ्या पाहुण्यांना हे आरपीएम नावाचे गठ्ठे पुरून उरले असते. सगळं जमून आलं की भारनियमनाची वेळ होई.

आता एक ओळ टंकायची, एंटर मारायचं, आणि कोणाला काय लागतं ते मशीन आपसांत बघून घेतं. ते उत्तम आहे. आम्ही त्या जुन्या पद्धतीला शिव्या घातल्या होत्या आणि त्यातली एकही मागे घ्यायची नाही. तरीपण त्या खेपांमुळे एक लायब्ररी म्हणजे काय आणि ती दुसरीवर का टेकून असते, हे आम्हाला जे कळलं ते कुठल्या वर्गात कळलं नसतं.

प्लगिन बसलं तरी आवाज येईलच असं नव्हतं. २००३च्या अखेरीस आलेल्या लिनक्सच्या २.६ कर्नलमध्ये अल्सा नावाची ध्वनिव्यवस्था आली, आणि ती सगळी कवाडं बंद करूनच यायची. काळ्या पडद्यावर अल्सामिक्सर उघडायचा. उभे खांब ओळीने : मास्टर, पीसीएम, सीडी, माइक. प्रत्येक खांबाच्या तळाशी दोन अक्षरं, एमएम, म्हणजे तोंड दाबलेलं. बाणाने खांबावर जायचं, एम दाबायचा. एमएमच्या जागी दोन शून्यं येत. मग वरचा बाण, आणि खांब खालून हिरवा, मध्ये पांढरा, वर लाल असा चढत जाई. मास्टर उघडून पीसीएम विसरलं तर पुन्हा शांतता. स्पीकरमधून आधी बारीक 'टक्' असा आवाज येई. त्या टकवरून आम्ही ओळखत असू, की आता वाजणार.

त्याहीआधीच्या रेड हॅटमध्ये साउंड कार्ड लागलं की नाही हे तपासायला लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याचा आवाज ठेवला होता. स्वतःचं नाव सांगून तो लिनक्स कसं उच्चारतो तेवढं सांगे. भीमसेनांचा अभंग ऐकायला जमलेल्या घराला आधी हे ऐकावं लागे. "हा कोण?" म्हणून आजी विचारी, आणि आम्ही अभिमानाने सांगत असू. तिला त्यातलं काही पटत नसे.

आज कोण कुठे काय वाजवतंय हे पाइपवायर नावाचा कारभारी बघतो, आणि बहुतेकांना त्याचं नावही माहीत नसतं. मधल्या काळात, २००८च्या उबुंटूपासून, पल्सऑडिओ होता. त्याने सुरुवातीला जे हाल केले त्यांची आठवण मात्र आम्ही प्रेमाने काढणार नाही.

प्रेमाने काढायची ती पोस्टमनची. २००५ पासून उबुंटूवाले मागेल त्याला फुकट सीडी पोस्टाने पाठवत. परदेशी पाकीट गावात आलं की पोस्टमन ते इतर टपालाच्या वर धरून आणी आणि "नोकरी लागली का?" म्हणून विचारी. २०११ला ती योजना बंद झाली. सीडी फुकट होती, पण तिच्यात एमपीथ्री नव्हतंच. लिनक्सवर गाणी वाजवणाऱ्या जीस्ट्रीमरच्या कर्त्यांनी प्लगिनांचे गठ्ठे करून त्यांना एका जुन्या काउबॉयपटावरून गुड, बॅड आणि अग्ली अशी नावं दिली होती. एमपीथ्री अग्लीत. काम चोख, कागदपत्रं वादग्रस्त. २३ एप्रिल २०१७ला एमपीथ्रीच्या पेटंट-परवान्यांचा कारभार संपला आणि पुढच्या वर्षी १.१४ आवृत्तीत एमपीथ्रीला गुडमध्ये बढती मिळाली. तोवर गाणी मोबाइलवर गेली होती. निवृत्तीनंतर बढतीचा आदेश यावा, तसं झालं.

जुनं सगळं मंतरलेलं होतं असं म्हणायची सोय नाही. आम्ही वाजवत होतो ती गाणी पुण्याच्या फुटपाथवरच्या दीडशे गाणी एका सीडीत अशा मालातली. परवान्याबद्दल तावातावाने बोलणाऱ्या आम्हाला गायकाच्या पैशाची फिकीर नव्हती. एक्सएमएमएसला देवनागरी येत नव्हती, म्हणून अभंगांची नावं रोमन अक्षरांत, तीही ज्याला जशी सुचतील तशी. आज मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले आणि रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट आणि त्यांच्यानंतर आलेले कितीतरी, यांच्यामुळे तुकारामांचं नाव तुकारामांच्या लिपीत दिसतं. आणि आम्ही रविवारभर गाण्याची व्यवस्था लावत असताना बहीण स्वयंपाकघरात विविधभारती लावून तेच गाणं ऐकून मोकळी झालेली असे. तिने हे बोलून दाखवलं नाही, पण रेडिओचा आवाज वाढवलेला असे.

मग चुकचुकतो कशासाठी? आवाज नसलेल्या साउंड कार्डासाठी खचितच नाही. अडलेलं काम घेऊन कोणी दारात यायचं, त्यासाठी. शिक्षक, पतपेढीतले काका, वरच्या आळीतला नवखा लिनक्सवाला, सगळ्यांना आमची गरज होती. आता यंत्र स्वतःचं स्वतः सांभाळतं.

अगदीच गरज संपलेली नाही म्हणा. तोरणा-राजगडाच्या आडोशाच्या खोऱ्यांत (तालुक्याचं नावही आता राजगड) मोबाइलची रेंज वळणावर जाते, ऑनलाइन गाणं अर्ध्यात गोल गोल फिरू लागतं, आणि जत्रेआधी जीपवाले, ट्रॅक्टरवाले पेनड्राइव्ह घेऊन येतात : "दादा, गाणी भरून द्या." लिनक्सवाल्याने तो आपल्या सवयीने एक्स्ट-फोरमध्ये फॉरमॅट केला तर गाडीतला प्लेअर त्याला ओळख देत नाही; फॅट-३२ लागतं. फाइलींची नावं रोमनमध्ये ठेवलेली बरी, प्लेअरला देवनागरी म्हणजे अजून नुसत्या चौकटी. फोल्डरात फोल्डर करू नये, ड्रायव्हर वैतागतो. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. आम्ही पेनड्राइव्ह ठेवून घेतो आणि सांगतो, संध्याकाळी ये.