हिप्परगा आणि पदवीदानाचे भाषण

लोहारा, जि. धाराशिव

चि. भाचीस,

शिक्षण संपवून निघालेल्याला चार शब्द सांगण्याची रीत फार जुनी आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आचार्य घरी परतणाऱ्या शिष्याला उपदेश करतात. सत्य, स्वाध्याय, आई-वडील, अतिथी हे सारे त्यात येते. पण स्वतःच्या भरभराटीकडे दुर्लक्ष करू नये, हेही तिथेच सांगितले आहे. आचार्यांच्या वागण्यातले चांगले तेवढेच उचलावे, अशी मोकळीकही शिष्याला मिळते. आजच्या बऱ्याच पदवीदानाच्या भाषणांना या दोन्ही गोष्टी जमत नाहीत.

आधुनिक पदवीदान महाराष्ट्रात आले ते १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाबरोबर. १८६२ मध्ये बी. ए. झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. रानडे पुढे न्यायाधीश झाले, भांडारकर संस्कृतचे प्राध्यापक आणि त्याच विद्यापीठाचे कुलगुरू. पदवी म्हणजे सरकारी जागा, हे समीकरण त्या काळात बसले आणि ते अजून फारसे हललेले नाही. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला २३ ऑगस्ट १९५८ उजाडावा लागला. त्याआधी इथल्या मुलांपुढे होते हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, आणि ते बराच काळ उर्दू माध्यमाचे.

या समीकरणाबाहेर पडून यशाचे माप स्वतः ठरवणाऱ्याचे उदाहरण शोधायला लोहारा तालुक्याबाहेर जावे लागत नाही. हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. १९२९ मध्ये तिथे मुख्याध्यापक म्हणून व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचा तरुण आला. असहकाराच्या लाटेत त्याने सरकारी शिक्षण सोडले होते. पदवी घेतली ती पुण्याच्या टिळक विद्यापीठाची, म्हणजे सरकारदरबारी जिला किंमत नव्हती अशी. हिप्परग्याला येण्याआधी त्याने कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले. आजाराने तेही सुटले. १९३२ मध्ये त्याने संन्यास घेतला आणि तो स्वामी रामानंद तीर्थ झाला. १९३५ मध्ये हिप्परगा सोडून स्वामीजी अंबाजोगाईला गेले. पुढचा भाग पाठ्यपुस्तकात आहेच: १९३८ चा सत्याग्रह, तुरुंगवास, हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व, १७ सप्टेंबर १९४८ ची हैदराबादची मुक्ती, लोकसभेवर दोनदा निवड, आणि निधनानंतर नांदेडच्या विद्यापीठाला मिळालेले नाव.

ही हकीकत नेहमी १९४८ कडून मागे सांगितली जाते आणि तिथेच ती बिघडते. शेवट ठाऊक असला की हिप्परग्याची वर्षे जणू तयारीची वाटू लागतात. १९२९ मध्ये तसे कुणालाच दिसत नव्हते. आजारातून उठलेला, सरकारमान्य पदवी नसलेला, निजामाच्या परक्या राजवटीतल्या खेड्यात मास्तरकी करणारा माणूस. पाहुण्यारावळ्यांच्या हिशेबात त्याचे काही खरे नव्हते. भाषणात हे उदाहरण घ्यायचे असेल तर ते त्या सालीच थांबवणे अधिक प्रामाणिक ठरते. समोरची मुलेही आपापल्या १९२९ मध्येच बसलेली असतात.

दुसरी बाजूही सांगणे भाग आहे. स्वामीजींच्या मागे संसार नव्हता. शिवाय ते एकटे नव्हते. शाळा काढणारी मंडळी होती, सहकारी शिक्षक होते, शाळेला आधार देणारे गाव होते. ‘आपले यश आपण ठरवा’ हे वाक्य शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेल्या मुलाला ऐकवताना असा आधार कुठून येणार, याचे उत्तर वक्त्याकडे असले पाहिजे. नसेल तर तो उपदेश फुकटचा. पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात अडकलेल्या मुलाच्या मागे घरी सोयाबीनच्या पट्टीवर चाललेला हिशेब असतो. तलाठी किंवा पोलीस भरतीचे स्वप्न खोटे नाही. नोकरीने घर उभे राहते, हे त्याने आजूबाजूला पाहिलेले असते. त्या स्वप्नाची टिंगल करून टाळ्या मिळतात, उपयोग होत नाही.

संसार करूनही निराळे माप धरता येते, याचे उदाहरण शेजारच्या तुळजापूर तालुक्यात अणदूरला आहे. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी या दांपत्याने तिथे हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम उभारले. गावोगावच्या बायकांना प्राथमिक उपचार शिकवून त्यांनी ‘भारतवैद्य’ तयार केल्या. या बायकांपैकी अनेकींचे शिक्षण जेमतेम होते. पदवीदानाच्या मांडवात त्यांचा उल्लेख म्हणूनच बोचरा ठरतो: पदवी नसलेल्या बाईवर गाव औषधासाठी विसंबते, आणि पदवी असलेला मुलगा आपण बेकार आहोत एवढेच सांगतो.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी आधीचा असतो, तो म्हणजे माप ठरवणार कोण. निकाल लागायच्या आत स्थळे येऊ लागतात. त्यामुळे पदवीदानाच्या भाषणाचा काही भाग मागच्या खुर्च्यांवरच्या आई-वडिलांसाठी असावा लागतो आणि तो घरच्या बोलीत सांगितलेला बरा. दीपप्रज्वलन, विद्यापीठ गीत, शाल-श्रीफळ, मान्यवरांची मनोगते एवढे उरकेपर्यंत दुपार चढते; प्रमुख पाहुण्याला पंधरा मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. पालकांशी बोलायचे ते सुरुवातीच्या पाच मिनिटांत बोलून घ्यावे. पदवीपत्र हातात पडले की खेड्यावरची मंडळी एसटीच्या वेळेसाठी उठतात.

तुझा मामा