उद्या काय करायचे?

जगातील अवघड प्रश्नांची यादी एखाद्या विद्वानाने केली, तर ईश्वर आहे की नाही आणि मरणानंतर पुढे काय, हे दोन प्रश्न तीत अगदी वर येतील. यादी करणारी गृहिणी असेल, तर मात्र या दोहोंच्याही डोक्यावर ती एक साधासा प्रश्न लिहील : उद्या भाजी कोणती करायची? पहिले दोन प्रश्न जन्मभर सुटले नाहीत तरी कुणाचे अडत नाही. हा तिसरा रोज सोडवावा लागतो आणि रोज रात्री पुन्हा कोराच्या कोरा होऊन पुढे उभा राहतो.

मी कादंबऱ्या लिहिते. माझ्या कादंबरीतील माणसांना तीनशे पाने उपाशी ठेवले तरी ती बिचारी तक्रार करीत नाहीत. घरातल्या माणसांना तेवढा धीर नसतो. शिवाय सकाळी साडेनवाला बालवाडीची घंटा होते. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक. बालवाडीतल्या चिमण्यांना तेवढे पुरते. त्यांना काऊ-चिऊची गोष्ट सांगतानाही मनात मात्र चाललेले असते : संध्याकाळी कोबी, की वांगी?

गेल्या वर्षी मुलगा कॉलेजसाठी पुण्याला निघाला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने माझ्या मोबाईलवर एक ॲप घालून दिले. म्हणाला, "आई, आता डोकं शिणवायचं नाही. घरात काय काय आहे ते यात भरायचं. काय करायचं ते हे सांगेल. आणि फुकट आहे!"

फुकट म्हटल्यावर नको कोण म्हणेल? खरे सांगते, त्या ॲपने मला मोहून टाकले. कांदा, टोमॅटो, फ्लॉवर, दही, अशा खुणा करीत जावे, की क्षणात वीस पदार्थांची चित्रे हजर! किती माणसांचे, हेही ते विचारते. आकडा कमी केला की तेल-मिठाचे प्रमाण आपोआप कमी होते. मुलगा गेल्यावर चाराचा आकडा पहिल्यांदा तीन केला, त्या संध्याकाळी मात्र फोन थोडा वेळ तसाच हातात धरून बसले होते.

फुकटाचीही काही किंमत असतेच. फोडणीत मोहरी तडतडत असावी, पुढची ओळ वाचायला मान वळवावी, तो पडद्यावर दागिन्यांची जाहिरात! ती घालवायची तर बोट हवे, आणि बोटे तर कणकेत. भाषा मराठी खरी, पण तीही बहुधा यंत्रानेच केलेली. एकदा आज्ञा झाली, 'कांद्याला घाम येऊ द्या.' मी कढईकडे पाहत उभी राहिले. कांद्याचे माहीत नाही, मला मात्र दरदरून आला होता.

तुम्ही म्हणाल, यात नवे ते काय? पूर्वीच्या बायकाही पुस्तकात पाहून स्वयंपाक करीतच होत्या. खरे आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१० साली निघाले. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि तिच्या वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी नव्या सुनांची लाज राखली. माझ्याही लग्नात ती भेट आली होती. तिच्या निम्म्या पानांना आज हळदीचे डाग आहेत. पण पुस्तक 'कसे करायचे' ते सांगते. 'उद्या काय करायचे' हा प्रश्न मी वीस वर्षे दुसऱ्याच कुणाला विचारीत आले होते.

रात्री मागचे आवरले, दुधाला विरजण लावले, की मी सासूबाईंच्या खाटेशी जाई आणि विचारी, "आई, उद्या काय करायचं?" उत्तर कधीच चटकन येत नसे. आधी टोपलीत काय उरले आहे त्याचा हिशेब. मग वार कोणता, उपास कुणाचा. मग परवाच वांगी झाली, यांना ती सोसत नाहीत. मग हळूच गाडी माहेरी जाई. सासूबाईंचे माहेर कोरेगावकडचे. तिकडचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध. दाण्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे असतात. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. यांनी ती बातमी वाचून दाखवली, तर सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय वाचायचं? आम्हाला ठाऊकच होतं." अशी पंधरा-वीस मिनिटे गेली म्हणजे शेवटी उत्तर निघे : "कोबीच कर."

माझे पाय दुखत असत, लिहायचे राहिलेले असे. कोबी हे उत्तर एका शब्दात देता येत नाही का, असे मनात शंभरदा येऊन जाई.

ॲप आले आणि मी विचारेनाशी झाले. मुद्दाम नव्हे, गरज उरली नाही, एवढेच. पहिले काही दिवस त्या खाटेवर जाग्या दिसत. मी दिवा मालवून निघून जाई. पुढे पुढे "काय वाढू?" म्हटले की "काहीही चालेल" म्हणू लागल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून वीस वर्षांत मी ऐकले नव्हते. मला वाटले, वय झाले. आता तक्रारी संपल्या. सुटले बाई एकदाची!

या पावसाळ्यातली गोष्ट. गुरुवारी संध्याकाळी हे कामावरून भिजून आले आणि म्हणाले, "आज घेवड्याची आमटी आहे ना? काल म्हटलं होतं मी." मला काही आठवेना. काल जेवताना माझे लक्ष फोनमध्ये होते. मी ॲपवर 'घेवडा' लिहिले. त्याने कोवळ्या हिरव्या शेंगांचे चित्र दाखवले आणि त्या चिरून दहा मिनिटे परतायला सांगितले. मग मी 'राजमा' लिहिले. तेव्हा कृती आली. पहिलीच ओळ होती : 'रात्रभर भिजवलेला राजमा, दोन वाट्या.'

घड्याळात सात वाजले होते.

स्वयंपाक आदल्या रात्री सुरू होतो, हे मला का ठाऊक नव्हते? पण ते ठाऊक असणे माझ्याकडे नव्हतेच कधी. ते खाटेवर बसलेले असे. पिठल्याची तयारी करावी म्हणून तांब्या भरायला वळले, तर माठाच्या आड ताटलीने झाकलेले एक पातेले दिसले. ताटली उचलली. आत घेवडा टम्म फुगला होता. पाणीही सकाळी बदललेले दिसत होते.

बाहेरच्या खोलीत सासूबाई वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी काल मुलाचे बोलणे ऐकले होते, रात्री उठून घेवडा भिजत घातला होता आणि दिवसभर माझ्या विचारण्याची वाट पाहिली होती. मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

आमटी कांदा-लसूण मसाला आणि दाण्याचे कूट घालून केली, त्या करीत तशीच. सासूबाईंनी दुसरी वाटी मागून घेतली. बोलल्या काही नाहीत.

ॲप अजून माझ्या फोनवर आहे. मुलगा आला की त्याच्या आवडीचा पास्ता त्यातच पाहून करते. त्याच्याशी माझे भांडण नाही. पण त्या रात्री विरजण लावून झाल्यावर मी खाटेशी गेले.

"आई, उद्या काय करायचं?"

"तुझ्या फोनला विचार की."

"त्याला घेवडा कळत नाही."

त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पाठ किंचित हलली, हसल्या असाव्यात. मग बराच वेळ काही नाही. झोप लागली असेल म्हणून मी दिवा मालवला आणि दाराशी आले, तो अंधारातून आवाज आला,

"उद्या कोबी आहे, तो कर. परवा पोरगं यायचंय. मटकी भिजत घाल, म्हणजे तोवर मोड येतील. आणि चार मुठी घाल हं, तीन नको."

मी स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा दिवा लावला.