छत्री आणि इरलं

आषाढात महाडच्या एस.टी. स्थानकात उतरलं की पहिला वास येतो तो ओल्या छत्र्यांचा. मग सावित्रीच्या गढूळ पाण्याचा, आणि पोलादपूरच्या वाटेला लागल्यावर लावणीच्या चिखलाचा. आजोळी छत्री एकच होती, तीही पाहुण्यांसाठी. शेतात ज्याचं त्याचं इरलं असे, बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं; ते पाठीवर घेऊन वाकलेली आजी दुरून कासवासारखी दिसायची आणि तिचे दोन्ही हात रोपांसाठी मोकळे असायचे.

हल्ली अण्वस्त्रांच्या छत्रीविषयी वाचताना ते इरलं डोळ्यांपुढे येतं. उत्तर कोरियाने २००६ मध्ये अणुचाचणी केली. त्याचे शेजारी जपान आणि दक्षिण कोरिया अमेरिकेच्या छत्रीखाली उभे आहेत, आपल्यावर हल्ला झाला तर तिची अण्वस्त्रं धावून येतील या भरवशावर. वारा फिरला तर ती धरणारा हात आपल्याकडे कललेला राहील ना, ही धाकधूक तिथे कुणाच्या तरी मनात असणारच.

महाडने अशी परक्याच्या हातातली छत्री फार पूर्वी पाहिली आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी मोडलेला पेशवा दुसरा बाजीराव सिंहगड, रायगड करत इथे आला, आणि सुवर्णदुर्ग गाठून इंग्रजांच्या जहाजाने वसईला गेला. ३१ डिसेंबरला तह झाला: ईस्ट इंडिया कंपनीची ६ हजारांची तैनाती फौज, तिच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख, आणि परराज्यांशी बोलणी कंपनीला विचारून. त्या भेदरलेल्या माणसाचा मला राग येत नाही; भर पावसात उघड्यावर सापडलेल्याला छत्रीचा दांडा कुणाच्या मुठीत आहे हे कुठलं दिसायला? पण सोळा वर्षांत त्याच कंपनीच्या उखळी तोफा रायगडाला लागल्या. एरवी त्या कड्यांचा धाकच पुरत असे. गोळे कड्यावरून आत पडू लागले आणि १० मे १८१८ रोजी गड पडला, जिथे १६७४ मध्ये शिवरायांनी कुणाला न विचारता मस्तकावर छत्र धरवलं होतं.

११ मे १९९८ रोजी पोखरणच्या अणुचाचण्यांची बातमी ऐकली तेव्हा मला आपलं इरलं आपण विणल्यासारखं वाटलं होतं, आणि आजही तसंच वाटतं. त्याच महिन्यात, २८ तारखेला, पाकिस्ताननेही चागईत चाचण्या केल्या, आणि पुढच्याच वर्षी कारगिल पेटलं. अण्वस्त्रांच्या धाकाने मोठा वणवा टळला असेल, पण इरल्याखालीही आजीचे पाय भिजायचेच. महाडजवळच्या फौजी आंबवड्यात पिढ्यान्‌पिढ्या घरटी कुणीतरी सैन्यात असतं. तो पावसाळा तिथल्या आयांनी कसा काढला असेल, ते गुडघाभर चिखलात उभं राहून रोपं लावणं आणि कान मात्र रस्त्याकडे, हे अजून मनातून जात नाही.

आजी मृगाआधी ओसरीवर बसून इरल्याची कुजलेली पानं काढायची, नवी घालायची. दर वर्षी. ती गेल्यावर ते माळ्यावर पडलंय. कामट्या तेवढ्या उरल्या आहेत.