लंबक, मोंढा आणि लायगो

हिंगोली परभणी जिल्ह्याचा एक कोपरा होती तेव्हा तिची ओळख सांगायची म्हणजे इथं काय नाही याची यादी वाचायची. मोठी लाइन नाही, असलेली मीटरगेज गाडी वेळेवर नाही, कारखाने नाहीत. बदलीवर आलेला साहेब पहिल्या आठवड्यातच परत जायच्या खटपटीला लागायचा. 1 मे 1999 ला जिल्हा वेगळा झाला, पाट्या बदलल्या, यादी बरीचशी तशीच राहिली. पुढं त्याच यादीवर बोट ठेवून शास्त्रज्ञांनी औंढा नागनाथ तालुका निवडला. गुरुत्वीय लहरी टिपणारी यंत्रं जगात मोजकीच आहेत. त्यांतलं एक, लायगो-इंडिया, दुधाळा शिवारात व्हायचं आहे. कारण काय, तर इथं वर्दळ कमी, कारखान्यांचे दणके नाहीत, जमीन फारशी थरथरत नाही. ज्याची आयुष्यभर लाज वाटली त्याच गोष्टीला गुण मिळाले म्हणायचे!

गुरुत्वाकर्षणाशी, म्हणजे वजन नावाच्या प्रकाराशी, आमची पहिली ओळख मोंढ्यात झाली. हळदीचा हंगाम, सगळीकडं पिवळी धूळ आणि आडतीपुढं टांगलेला मोठा काटा. मापाडी पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायचा आणि तिथून त्याची लय लागायची. दांडी स्थिर व्हायच्या आत त्याचा हात पारड्याला लागलेला असायचा, माल खाली आलेला असायचा, आणि शेतकरी नुसता बघत राहायचा. वर वजनातून कापायचा कडता वेगळाच. वारा सुटला की काटा हलतो हे सगळ्यांना माहीत होतं; कुणाच्या बाजूनं हलतो, हेही. आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर लाल आकडे उमटतात, पावती निघते, हुज्जत कमी झाली. त्या मापाड्याचा सूर अजून कानात आहे. तो काटा मात्र परत यावा असं मुळीच वाटत नाही.

शाळेत गुरुत्वाकर्षण आलं ते पितळी गोळ्याच्या रूपानं. उभं चिरलेलं बूच, त्याच्या दोन फाकांत अडकवलेला दोरा, ते बूच धरणारा गंजका स्टँड. स्टॉपवॉच एकच, तेही कपाटात कुलूपबंद; तपासणीच्या आदल्या दिवशी बाहेर यायचं. पंखा बंद करा, असं सर सांगायचे. बहुतेक वेळा वीजच नसायची, त्यामुळं तेवढी अट आपोआप पाळली जायची. मीटरभर दोरा, वीस आंदोलनं, साधारण चाळीस सेकंद. बटण दाबायला पाव सेकंदाची ढिलाई झाली तरी गुरुत्वीय त्वरणाचं उत्तर एक टक्क्याहून जास्त सरकतं. तरीही अख्ख्या वर्गाच्या वहीत 9.8 यायचं, हुशार मुलांच्या वहीत 9.81. उत्तर पुस्तकात छापलेलं होतं, रीडिंग त्याच्या मागून तयार व्हायची. सरांना ते कळायचं, मुलांनाही कळायचं, आणि सही व्हायची. त्या काळातल्या प्रात्यक्षिकांची रीतच तशी होती.

लायगोचा आरसाही असा लंबकच आहे. चाळीस किलोची काचेची जाडजूड चकती, एकाखाली एक अशा चार टप्प्यांत टांगलेली. शेवटचा टप्पा काचेच्याच तंतूंचा, जाडी 0.4 मिलिमीटर. जमीन हलली तरी ती हालचाल प्रत्येक टप्प्यावर विरत जावी, आरशापर्यंत पोचू नये, यासाठी एवढा खटाटोप. एकमेकींशी काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून हवा उपसून काढलेली. लेझरचा किरण दुभागून दोन्हीकडं जातो, आरशांवरून परत येतो, आणि दोन्ही वाटांच्या लांबीत फरक पडला का ते बघितलं जातं. फरक किती, तर प्रोटॉनच्या व्यासाचा हजारावा भाग. बांधकामाचीही एक गंमत आहे. चार किलोमीटरमध्ये पृथ्वीची गोलाई मीटरभर भरते. प्रकाश काही जमिनीबरोबर वाकत नाही, म्हणून नळी पृथ्वीला न जुमानता सरळ टाकावी लागते. संत नामदेवांसाठी अख्खं देऊळ फिरलं ही कथा ज्या औंढ्यात घरोघरी सांगतात, तिथंच आता इतकी बारीक हालचाल मोजली जाणार.

अशी लहर पहिल्यांदा सापडली 14 सप्टेंबर 2015 ला, अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड इथल्या यंत्रांवर, सात मिलिसेकंदांच्या अंतरानं. 1.3 अब्ज प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एक झाली होती. पण मला त्याआधीची एक गोष्ट जास्त आवडते. 16 सप्टेंबर 2010 ला असाच एक झकास संकेत आला. लायगोच्या लोकांनी सहा महिने आकडेमोड केली, शोधनिबंध लिहून तयार ठेवला. मार्च 2011 मध्ये सगळ्यांसमोर पाकीट उघडलं, तर आत उत्तर: हा संकेत आम्हीच मुद्दाम घुसडला होता. मूठभर लोकांनाच ते ठाऊक होतं. आपली माणसं खरं-खोटं ओळखतात का, घाईनं जाहीर करतात का, याची ती परीक्षा होती. उत्तर आधी ठाऊक असलं की माणूस रीडिंग वाकवतो, हे आमच्या प्रयोगशाळेला जेवढं माहीत होतं तेवढंच त्यांनाही माहीत होतं. त्यांनी त्यावर उपाय केला, एवढाच फरक.

या खटाटोपातून गुरुत्वाकर्षणाचीच झडती घेतली जाते. 17 ऑगस्ट 2017 ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली गेली. गुरुत्वीय लहरींपाठोपाठ 1.7 सेकंदांनी गॅमा किरण आले. तेरा-चौदा कोटी वर्षांच्या प्रवासात एवढंच अंतर, म्हणजे दोघांचा वेग एकच. गुरुत्वाकर्षण वेगळ्या चालीनं धावतं असं सांगणारे किती तरी सिद्धांत त्या एका दिवसात बाद झाले. विस्कटलेलं कृष्णविवर ठरावीक सुरांत निनादत शांत होतं, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी 1970 सालीच गणितानं दाखवलं होतं. जानेवारी 2025 मधल्या एका जोरकस संकेतात ते सूर आजवर कधी नव्हते इतके स्वच्छ मिळाले. गोंगाटातून असा संकेत निवडून काढायच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 मध्ये पायाभूत काम केलं. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, निसर्गात पाचवं बल आहे का याचा जगभर गलका झाला, तेव्हा मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे रमानाथ कौशिक आणि सहकारी कर्नाटकात गौरीबिदनूरला जमिनीखाली पिळाचा तराजू टांगून बसले होते. तिथंही शोध शांत जागेचाच. त्या गटातले सी. एस. उन्नीकृष्णन पुढं लायगो-इंडियाच्या जुळवाजुळवीतही होते.

आमची जागा कितपत शांत? वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात, लोक घराबाहेर धावतात. मार्च 2024 मध्ये आणि त्याच वर्षी जुलैत 4.5 रिश्टरचे धक्के बसले, किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या पिढीचा जीव टांगणीला लागला. पण यंत्राच्या दृष्टीनं अधूनमधून येणारा धक्का वेगळा आणि दिवसरात्र चालणारी थरथर वेगळी. धक्क्यात यंत्र थोडा वेळ बंद पडतं, पुन्हा सावरतं. रोजच्या खडी क्रशरचं आणि अवजड वाहतुकीचं काय? लायगो आलं म्हणून रस्ते आणि प्लॉटिंग आलं, त्यांनीच शांतता संपवली, असं होऊ नये, हे बघायला आता कुणीतरी हवं. विकासाची वाट पाहून थकलेल्या तालुक्याला ‘गोंगाट करू नका’ म्हणणं सोपं नाही, हेही खरं.

लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी 17 फेब्रुवारी 2016 ची, पहिल्या शोधाच्या घोषणेनंतर सहाव्या दिवसाची. सुमारे 2,600 कोटींची अंतिम मंजुरी एप्रिल 2023 ची. लहरींपेक्षा फाइल सावकाश चालते. यंत्र होईल तेव्हा होईल. पहिल्या शोधाच्या वेळी लहर आकाशात नेमकी कुठून आली हे सांगताना तीन हजार पूर्णचंद्र मावतील एवढा पट्टा दाखवावा लागला होता. हिंगोलीचं यंत्र इतरांपासून लांब असल्यानं तो बराच आक्रसेल.

तोवर जिल्ह्यातल्या विज्ञानाच्या शिक्षकांना एक विनंती आहे. स्टॉपवॉच कपाटातून काढा, मुलांच्या हातात द्या, वीस आंदोलनं मोजू द्या. आणि एखाद्या मुलीच्या वहीत 9.6 आलं, तर ते खोडायला न लावता त्याखाली सही करा.