तोंड उघडं का राहतं?

सहाव्या तासाला खुर्चीत बसल्या बसल्या माझा डोळा लागला. मुलं हसली, मला मात्र शरमेने बोलवेना. तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया निघाला. डॉक्टरांनी रात्री सीपॅप मशीन लावायला सांगितलं. मी सुटसुटीत म्हणून फक्त नाकावर बसणारा मास्क घेतला. पण झोपेत तोंड उघडायचं आणि हवा तिथूनच निघून जायची. फजरला उठलो की घसा कोरडाठाक.

मग नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क आणला. दाढीमुळे त्याच्या कडा नीट बसेनात, रात्रभर फुसफुस. वैतागून मशीन कपाटात ठेवलं. पत्नीने ते मुकाट्याने बाहेर काढलं. "झोपेत तुमचा श्वास थांबतो, तेव्हा जागी मी असते," एवढंच म्हणाली.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "तोंड उघडतं कशामुळे?" अ‍ॅलर्जीने नाक चोंदलेलं होतं. त्यावर इलाज झाला, मशीनला ह्युमिडिफायर जोडला. आता नाकपुड्यांपाशी बसणारा छोटा मास्क आणि हनुवटीचा पट्टा मला पुरतो. ज्यांचं नाक मोकळं होतच नाही, त्यांना तोंड झाकणाराच मास्क लागतो. तो आडवं होऊन, हवा सुरू ठेवून पारखावा.

सहावा तास आता जागेपणी होतो, अल्हम्दुलिल्लाह.