करी रोड ते इंदू मिल : मोकळ्या जमिनीची गोष्ट

बदलापूरहून दादर, आणि दादरला गाडी बदलून करी रोड. आईच्या पिशवीत भाकरीचा डबा होता, पाण्याची बाटली होती आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला बाबांचा लाल पास होता. बाबा एका गिरणीत रिंग खात्यात होते. संपानंतर त्यांना कामावर परत घेतले नाही. मग डिलाईल रोडची भाड्याची खोली सोडून आम्ही बदलापूर गाठले. बाबा गेले. आई आता पंच्याहत्तरीला आली. ती म्हणाली, "एकदा सगळं डोळ्यांनी बघून यायचं. नातीलाही दाखवायचं." म्हणून रविवारी आम्ही तिघी निघालो.

स्टेशनाच्या पश्चिमेला बाहेर पडलो आणि आई थबकली. "या रस्त्याने सकाळी सातला माणसांचा लोंढा जायचा. भोंगा झाला की चूल पेटवायची, दुसऱ्या भोंग्याला डबा भरायचा. घड्याळ कुणाकडे होतं?" माझ्या मुलीने विचारले, "आजी, मग गिरणी कुठाय?" आईने समोर बोट दाखवले. तिथे काचेची इमारत होती. मजले मोजता मोजता पोरीची मान दुखली.

वाचक बंधू-भगिनींनो, गिरणगावात गेलात तर हा प्रश्न तुमची मुलेही विचारतील. गिरण्या संपामुळे गेल्या, असे आपण पटकन सांगून मोकळे होतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे खरेच आहे. पण गिरण्या बंद पडणे ही एक गोष्ट आणि त्यांची सुमारे ६०० एकर जमीन कुणाच्या हाती जाणे ही दुसरी गोष्ट. ही दुसरी गोष्ट कायद्याच्या कागदावर घडली, आणि तीही एका शब्दावर.

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींपाशी आम्ही जरा टेकलो. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या या चाळी. एकेक खोली १६० चौरस फुटांची. आईची एक जुनी शेजारीण भेटली. "जयभीम गं, किती वर्षांनी!" म्हणत तिने चहा दिला. चाळींचा पुनर्विकास चालला आहे, ५०० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे. वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. शेजारीण म्हणाली, "आमचं होईल गं. आमच्याकडे खोलीचा कागद आहे. तुमचं गिरणीचं काय झालं?" आई काही बोलली नाही.

गिरणीच्या जमिनीचे काय झाले, ते मी मुलीला तिथेच सांगितले. गिरणीची जमीन मालकाला वाटेल तशी विकता येत नव्हती, कारण ती कारखान्यासाठी राखलेली होती. १९९१ साली मुंबईची विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यातला ५८ वा नियम गिरण्यांचा. गिरणी पाडून जमिनीचा नवा विकास करायचा असेल तर ठोकळमानाने तीन वाटे करायचे. एक महापालिकेला, बागा आणि मैदानांसाठी. एक म्हाडाला, सर्वसामान्यांच्या घरांसाठी. उरलेला मालकाला. जमीन लहान असेल तर महापालिकेला ३३ टक्के आणि म्हाडाला २७ टक्के, असा हिशेब होता. पण पुष्कळ मालक जागा सोडायला तयार नव्हते. वाटणी नको म्हणून शेड तशीच ठेवून आत दुसरे धंदे सुरू झाले.

२००१ साली शासनाने नियम बदलला. वाटणी राहिली, टक्केवारी राहिली. फक्त वाटणी कशाची करायची, ते बदलले. आता ती 'मोकळ्या जमिनीची' करायची. म्हणजे ज्या जागेवर आधीपासून काही बांधकाम नाही, तेवढीच.

मुलीला कळेना. मी भाकरीवर बोट ठेवून दाखवले. समज, १२ एकरांची गिरणी आहे. १० एकरांवर शेड, गोदामे, चिमणी. २ एकर मोकळे. पहिल्या नियमाने १२ एकरांतून महापालिका आणि म्हाडा मिळून सात एकरांच्या वर जमीन मिळाली असती. दुसऱ्या नियमाने २ एकरांतूनच वाटणी, म्हणजे सव्वा एकराच्या आसपास. शेड पाडल्यावर खालची जमीन मोकळी दिसते खरी, पण कायद्याच्या भाषेत ती मोकळी नाही. "हे तर शब्दाचं झालं," मुलगी म्हणाली. शब्दाचेच झाले. त्या शब्दात बागा गेल्या आणि घरेही गेली.

लोअर परळचा पूल ओलांडून आम्ही सेनापती बापट मार्गावर आलो. फिनिक्स गिरणीची चिमणी अजून उभी आहे, तिच्या पायथ्याशी मॉल आहे. पुढे कमला मिलचे आवार लागते. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री तिथल्या गच्चीवरच्या हॉटेलात आग लागून १४ माणसे मेली. आई म्हणाली, "गिरणीत आगीची घंटा होती, बादल्या होत्या. इथे काय होतं कुणास ठाऊक."

ही लढाई न्यायालयातही झाली. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या गिरण्यांच्या जमिनी विकायला काढल्या. मुंबई टेक्सटाईलची जमीन ७०२ कोटींना गेली, दादरच्या कोहिनूरची ४२१ कोटींना. त्याच वर्षी बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या संस्थेची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे होती. शेड पाडल्यावर रिकामी होणारी जमीनही मोकळीच धरली पाहिजे, असे म्हणणे होते. १७ ऑक्टोबर २००५ ला उच्च न्यायालयाने ते मान्य केले. मोठ्या बांधकामांना पर्यावरणाची मंजुरी घ्यावी लागेल, हेही सांगितले. गिरणगावात त्या दिवशी आशा पालवली.

ती आशा पाच महिनेही टिकली नाही. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. शहराचा आराखडा ठरवणे हे शासनाचे काम आहे, आजारी गिरण्या आणि कामगारांची देणीही पाहिली पाहिजेत, असा विचार त्या निकालात होता. कामगारांची थकलेली देणी काही ठिकाणी जमिनीच्या पैशातून मिळाली, हेही आपण नाकारू नये. पण देणी एकदा मिळतात आणि संपतात. गेलेले मैदान परत येत नाही.

प्रभादेवी स्टेशनापाशी आलो. पूर्वीचे एल्फिन्स्टन रोड. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन या गिरण्यांच्या जागी आता कचेऱ्यांचे मनोरे आहेत. गिरण्या होत्या तेव्हा कामगार आसपासच्या चाळींतून पायी यायचे. आता हजारो माणसे लांबून लोकलने येतात. जमिनीचा वापर बदलला, पण स्टेशनाचा चिंचोळा पूल तसाच राहिला होता. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पावसात त्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. एका जागेवर किती माणसे येणार, त्यांना पाणी कुठून, रस्ता कुठून, हे आधी विचारायचे म्हणूनच नगररचनेचे आणि पर्यावरणाचे कायदे असतात. २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरणाची मंजुरी लागते, ती यासाठीच. पर्यावरण म्हणजे फक्त झाडे आणि वाघ नव्हेत. पुलावर श्वास घेता येणे हेही पर्यावरणच.

पुढे टॅक्सी केली, कारण आईचे गुडघे दुखू लागले. चैत्यभूमीवर माथा टेकला आणि इंदू मिलच्या बाजूला आलो. ही साडेबारा एकर जमीनही गिरणीचीच. ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते आत शिरले आणि तिथेच ठाण मांडून बसले. पुढच्या वर्षी जमीन स्मारकाला देण्याची घोषणा झाली आणि ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झाले.

आई म्हणाली, "तुझे बाबा सांगायचे, आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडाने ओढायचा, तो विटाळेल म्हणून. पगार मात्र साच्यावरच जास्त." हे खरे आहे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. ज्या गिरण्यांत आम्हांला साच्याला हात लावू देत नव्हते, त्यातल्याच एका गिरणीच्या जमिनीवर आज त्यांचे स्मारक उभे राहते आहे. बाकीच्या गिरण्यांच्या जमिनीवर मात्र आमची घरे नाहीत.

घरांचे सांगायचे तर, म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर काही इमारती झाल्या. २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत निघाली, तेव्हा अर्ज होते सुमारे दीड लाख. १ मार्च २०२० ला आणखी ३,८९४ घरांची सोडत झाली. आईचा नंबर अजून लागलेला नाही. १ जानेवारी १९८२ नंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा लागतो, म्हणून लाल पास ती जिवापाड जपते.

मैत्रिणींनो, हे दुःख उगाळण्यासाठी लिहिले नाही. २००१ चा बदल झाला तेव्हा कामगार देण्यांसाठी आणि नोकरीसाठी धावत होते. नियमातला शब्द वाचायला कुणाला उसंत होती? पण शहराच्या आराखड्यात असा बदल करायचा असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे आधी सूचना काढावी लागते आणि लोकांच्या हरकती व सूचना एक महिन्याच्या आत मागवाव्या लागतात. ती सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येते. तुमच्या वस्तीशेजारच्या मैदानाची असेल, शाळेच्या जागेची असेल. शिकलेल्या पोरांना ती मोठ्याने वाचायला लावा. ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही त्यावर थांबा आणि विचारा. हरकत लेखी द्या, पोच घ्या आणि पोच जपून ठेवा.

परतीच्या गाडीत मुलीने लाल पास मागून घेतला. बाबांचा तिकीट नंबर, खाते, फोटो, सगळे नीट पाहिले. मग विचारले, "आजी, याची झेरॉक्स काढलीये ना?" आई हसली. "काढली तर! चार काढल्यात. पण अस्सल मी सोडायची नाही."